लेखी नकार

पाठारे काका कुठलाही कागद शेवटून वाचायला सुरुवात करत. लग्नपत्रिका हातात आली की आधी तळाची ओळ बघत, आहेर न्यायचा की नाही ते ठरवत आणि मग वर सरकून वधूवरांची नावं वाचत. "वर सगळं गोड लिहिलेलं असतं गं. खरं काय ते खाली," असं म्हणत. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांनी तीस वर्षं कर्मचाऱ्यांची औषधोपचारांची बिलं तपासली होती. निवृत्तीनंतर ते गुडगावच्या आमच्या कंपनीत आले. कंपनी परदेशी भागीदारीतली, इमारत काचेची, आणि कालपर्यंत ज्याला पर्सोनेल म्हणत त्या विभागाला नुकतंच एच.आर. म्हणायला लागलेले. त्या काचेतल्या एच.आर.मध्ये काका सफारी घालून, लाकडी फूटपट्टी घेऊन बसत.

मुनिरकाच्या स्टॉपवरून आम्ही एकाच चार्टर्ड बसने जायचो. सबंध बसमध्ये मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे काहीही मोठ्यानं बोलता यायचं. जे मी आईलाही सांगितलं नव्हतं, ते तिथे काकांना सांगितलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मला छत्तीस पूर्ण झाली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी टेस्ट ट्यूबचा उपाय सुचवून "अब और मत रुकिए" असं बजावलं होतं. माझा आणि विनयचा पगार मिळूनही तो खर्च पेलणारा नव्हता. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तो बसेल का, एवढंच मला विचारायचं होतं.

ऑफिसात पोचताच काकांनी पुस्तिका काढली, शेवटचं पान उघडलं आणि एका ओळीखाली फूटपट्टी धरली. वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले होते. बाळंतपणाचा खर्च मात्र मिळणार होता.

"म्हणजे बसमध्ये चढलीस तर तिकीट आम्ही काढू," काका म्हणाले, "स्टॉपपर्यंत कशी येतेस ते तुझं तू बघ."

मी हसले आणि हसता हसताच मला रडू फुटलं. त्यांनी फूटपट्टी हलवली नाही. "हे विमावाल्यांचं झालं. पण पॉलिसी घेतं कोण? कंपनी. एप्रिलमध्ये ती नवी होते. त्याआधी कंपनीनं मागितलं, तर हप्ता थोडा वाढवून हे घालून घेता येतं. अर्ज कर."

"नाही म्हणतील, काका."

"म्हणू देत. पण लेखी म्हणू देत. तोंडी नकार घेऊन घरी जायचं नाही."

मी अर्ज दिला. काकांनी त्याची रीतसर फाइल केली. डावीकडे त्यांचं टिपण, उजवीकडे माझा अर्ज आणि डॉक्टरांचे रिपोर्ट, वरून नाडी. मग तीस वर्षांच्या सवयीप्रमाणे त्यांनी ती टेबलाटेबलावरून वर पाठवली. ॲडमिन, ट्रान्सपोर्ट, अकाउंट्स, प्रत्येकाची सही घेत घेत ती मोठ्या साहेबांकडे निघाली. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन जेवायला गेले तर ऑफिसातल्या बायका एकदम गप्प झाल्या. एकीनं रोहतकच्या कुठल्याशा बाबाचा पत्ता माझ्या हातात कोंबला. "मेरी ननद को भी यही प्रॉब्लम थी, यार." संध्याकाळी ट्रान्सपोर्टच्या माणसानं जिन्यात विचारलं, "भाईसाहब का टेस्ट करवाया?" मला जिवंतपणी जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी काकांच्या टेबलाशी गेले आणि नको नको ते बोलले.

महिनाभर मी बसमध्ये मागे बसत होते, शेजारच्या सीटवर पर्स ठेवून. एके दिवशी काका मागे आले. मी पर्स उचलली नाही. दांड्याला धरून ते धौला कुआँपर्यंत उभे राहिले.

"सरकारात फाइल कुणी वाचत नाही गं," शेवटी ते म्हणाले. "सही करून पुढे ढकलतात. इथे लोक वाचतात, हे माझ्या लक्षात आलं नाही. चुकलो."

मी पर्स मांडीवर घेतली. ते बसले. मग म्हणाले, "आमच्या हिला ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं. मूल होईल, असं डॉक्टर म्हणत होते. मी अर्जच केला नाही. दुसऱ्यांच्या अर्जांवर 'नियमात बसत नाही' असं लिहिणारा मीच. स्वतःचा कुठल्या तोंडानं देऊ? पुढे साहेबांनी एकाला खास बाब म्हणून मंजूर केलं. त्यानं मागितलं होतं, एवढंच."

मार्चमध्ये उत्तर आलं. इंग्रजीत, दीड ओळीचं, नकाराचं. काकांनी त्याची झेरॉक्स मला दिली. "जपून ठेव. पुढच्या एप्रिलला इथूनच सुरुवात करायची." पण पुढच्या एप्रिलपर्यंत काकाच कंपनीत राहिले नाहीत. कॉम्प्युटर आले आणि त्यांची मुदत वाढवली गेली नाही. मी एकटीनं पुन्हा अर्ज केला, पुन्हा दीड ओळ आली. आम्ही उसनेपासने करून एकदाच उपचार घेतले. दिवस राहिले नाहीत. त्यानंतर पैसेही नव्हते आणि वयही. काकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले, आणि दोघांपैकी कुणालाच फोन ठेवता येईना. त्यांच्यावर धरलेला सगळा राग त्या शांततेत निघून गेला. मला त्यांची फार कीव आली, आणि माझीही.

काका गेले ते कळायला मला आठवडा लागला. भेटायला गेले तेव्हा काकू एकट्याच होत्या. पलंगावर फायली मांडलेल्या, प्रत्येकीवर काकांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी. 'पेन्शन', 'वीज', 'माझे चष्म्याचे नंबर'.

"तुझं काम झालं नाही, ते यांना फार लागलं होतं," काकू म्हणाल्या. "आमच्या वेळी यांनी काय कमी अर्ज केले? थेट साहेबांपर्यंत गेले. सरकारनंच नाही म्हटलं, त्याला हे काय करणार?"

मी पेन्शनची फाइल उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

"सगळे कागद जिथल्या तिथे आहेत बघ. आमचा तो नकार तेवढा सापडत नाही. चार दिवस शोधतेय. तुला कधी बोलले होते का, कुठे ठेवलाय?"

"तोंडीच दिला होता म्हणे, काकू," मी म्हणाले.

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि फायली आवरायला लागल्या.