सुटीच्या दिवशीची आंघोळ

पॉलिशवाल्याच्या कुत्र्याचं नाव बोका. असं नाव का ठेवलं म्हणून कोणी विचारलं, तर तो सांगायचा, "लहानपणी डोळे मिटून दूध प्यायचा." आता चौदा वर्षांच्या बोक्याचे डोळे उघडे असले काय नि मिटलेले काय, दोन्ही सारखंच. कानही कामातून गेलेले. नाक तेवढं शाबूत होतं.

पॉलिशवाला स्वतः चोवीस वर्षांचा. मिस्त्रीच्या कारखान्यात स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख कापडाच्या बोळ्याने लाकडावर घासत बसायची, हे त्याचं काम. तो वास नखांत, केसांत मुरलेला. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा बहुधा रिकामीच असायची. बोका मात्र तो दारात आला की धडपडत उठून उभा राहायचा. पोराला वाटायचं, आपली पावलं ओळखतो.

"पावलं कसली?" आई म्हणायची. "तुझ्या वासाने माझीसुद्धा झोपमोड होते."

त्या सुटीच्या दिवशी त्याला एका मुलीला भेटायला जायचं होतं. घरात अर्थातच कुणाला पत्ता नव्हता, म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं. त्याने लिंबाने नखं घासली, दोनदा साबण लावला, वर अत्तर, वर नवा शर्ट. निघताना बोक्याला थोपटायला वाकला, तर बोका हात हुंगून मागे सरकला. पोरगा हसला आणि घाईघाईत दार नुसतं लोटून गेला.

दुपारी परत आला तेव्हा आई रस्त्यावर उभी. "बोका तुझ्याबरोबर नाही?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे वाहनांचा रस्ता, आणि त्या जिवाला ना दिसतं ना ऐकू येतं. हे माहीत असूनही तो गल्लोगल्ली हाका मारत सुटला. शेवटी फळवाला म्हणाला, "भिंतीला नाक लावून तुमच्या कारखान्याकडे गेला बघ."

मिस्त्री घाईचं एक कपाट पुरं करायला आला होता. "सकाळपासून इथेच आहे," तो म्हणाला. "हाकललं तरी हलत नाही."

बोका ओल्या पॉलिशच्या कपाटाला चिकटून पडला होता. शेपूट फळीवर हळूहळू आपटत होतं. पोराने जवळ बसून हात पुढे केला. बोक्याने हुंगला आणि तोंड पुन्हा कपाटाकडे वळवलं.

चौदा वर्षांच्या मायेची किंमत एवढीच? त्याला रडू आलं, कपाटाचा हेवाही वाटला. मग मनात आलं, हा आंधळा जीव तीन गल्ल्या ओलांडून आला, तो कुणाला शोधायला? आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

त्याने मिस्त्रीच्या हातातला बोळा घेतला आणि तळव्यांवर, कोपरापर्यंत, छातीवर घासला.

"अरे, शर्ट नवा आहे," मिस्त्री म्हणाला.

"असू दे."

बोक्याने तळवा हुंगला, मग कोपर. मग कपाटाकडे पाठ करून त्याच्या मांडीवर डोकं टेकलं आणि झोपून गेला.