बांधीत उतर

गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. बॉक्सिंगच्या सुपर हेवीवेट गटात उतरवायला आपल्या जिल्ह्याचं कोणी नाही, म्हणून मला उभं केलं. त्या गटाला वजनाची अट खालून असते, वरून नसते. मी त्या अटीत जेमतेम बसलो. समोरचा गडी मात्र दार अडवेल एवढा होता.

पहिल्या फेरीत त्याने मला पुन्हा पुन्हा दोरांवर नेऊन ठोकलं. चूक माझ्या पायांची होती. कामठ्याला, माझ्या गावी, मी रोज धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांमधल्या, अरुंद धुऱ्यावरून पळायचो. त्यामुळे पायांना पुढे आणि मागे एवढंच ठाऊक. तो आला की मी सरळ मागे, आणि मागे दोर.

घंटा वाजली. आमचे सर माझ्याच गावचे. तोंडावर पाणी मारत ते ओरडले, "काऊन मांगं मांगं सरून राहिला बे? भारा घेऊन येऊन राहिला तो. बांधीत उतर ना!"

आमच्याकडे डोक्यावर धानाचा भारा असलेल्याला धुरा सोडतात. रिकाम्या हाताचा माणूस बाजूला बांधीतल्या चिखलात उतरतो, कारण भारेवाल्याला पटकन वळता येत नाही.

दुसऱ्या फेरीत तो आला आणि मी बाजूला उतरलो. त्याचा ठोसा हवेत गेला, माझा त्याच्या बरगडीत बसला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. त्याचा एक जरी बसला असता तरी मी आडवा झालो असतो. शेवटी तो धापा टाकत खेकसला, "सामने खडा रह ना!"

त्याचे हात कमरेपर्यंत उतरले होते. मग मी समोर उभा राहिलो.