दुधाच्या गाडीचा दिवा

वडील म्हणायचे, "गाडीला दिवा न्हाय, समई हाय." निरवांगीच्या मळ्यातून पहाटे मोटरसायकलवरून डेअरीला दूध न्यायचं काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नव्हतं. त्या आठवड्यात ते दोनदा रस्त्याकडेच्या चारीत गेले, तेही म्हणे समईमुळेच. मी बारामतीहून जास्त उजेडाचा एलईडी बल्ब आणला. पाकिटावर गरुड होता, वीज होती, सूर्याशी तुलना होती. वाढदिवसाच्या फ्लेक्सइतकीच नम्रता.

गावातल्या मेकॅनिकने तो बसवला. दुधाच्या गाडीचा दिवा रिकाम्या गाडीवर लावायचा नाही, हे त्याचं शास्त्र. मागं वजन पडलं की गाडीचं तोंड वर होतं आणि उजेड लिंबाच्या शेंड्याला जातो. म्हणून त्याने दोन्ही कॅन पाण्याने भरून लटकवले, वडिलांना सीटवर बसवलं, शटर ओढून अंधार केला आणि भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली.

"आबा, उजेड रेघंवर आला की सांगा."

त्याने दिवा हळूहळू वर वळवला. उजेड रेघेवर आला, रेघ ओलांडून गेला, छताच्या पत्र्याला लागला.

"बास," वडील म्हणाले. "हितंच."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रू करकर फिरवत दिवा खाली रेघेवर आणला आणि आवळला. ती करकर किती वेळ चालली, त्यावरून वडिलांना आपली चूक कळली असावी. कॅन उतरवले तरी ते हँडल धरून बसून राहिले.

बारामतीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. दुसऱ्या पहाटे वडिलांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि मागं बसले. नव्या उजेडात खड्डा यायच्या आधीच ते सांगायचे, "डावीकडनं घे. म्होरं मोरी हाय." एकदाही चुकायचे नाहीत. गाडी मी चालवतोय असं फक्त बघणाऱ्याला वाटायचं.

काही महिन्यांनी रस्ता नवा झाला. दोन किलोमीटर डांबराच्या उद्घाटनाला सात चेहऱ्यांचा फलक लागला. त्या पहाटेही मागून सूचना येत राहिल्या आणि मी नसलेले खड्डे चुकवत राहिलो.

"सरळ चालव," वडील शेवटी म्हणाले. "दणकं बसंना झाल्यात, कळतंय मला."