सांतानच्या होडीमागचा विस्तव

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो... भूत, चकवा, देवचार यातलं काहीही मी मानत नाही. आणि न मानण्याचा जेवढा अधिकार मला आहे तेवढा या ग्रुपवर कोणालाच नसेल, कारण आमच्या किनाऱ्यावरची निम्मी भुतं मीच तयार केलेली आहेत. माझी टुरिस्ट बोट आहे. डॉल्फिन दिसले नाहीत की लोक तोंड पाडून बसतात, मग त्यांना काहीतरी द्यावं लागतं. खडकावर केस विंचरत बसलेली पोर्तुगीज बाई माझी. बुडालेल्या गलबताची घंटा माझी. बिनमुंडक्याचा खलाशीही माझाच — तो दिवाळीच्या गर्दीत घाईघाईत केला, त्यामुळे मुंडकं लावायचं राहिलं.

तेव्हा पुढे जे लिहितोय त्यातली माशांची लांबी, लाटांची उंची आणि माझं शौर्य निम्म्यावर आणून वाचा. माझी हरकत नाही. पण विस्तवाचा भाग आहे तसा ठेवा. तिथे मी चिमूटभरसुद्धा मीठ घातलेलं नाही.

जागा नीट सांगतो. मालवणातून देवगडच्या रस्त्याला लागलात की खाडीचा पूल ओलांडल्यावर डाव्या हाताला एक तांबडी वाट सुरूच्या बनात शिरते. बन संपलं की वाळू आणि वाळू संपली की थेट अरबस्तान. बनाला टेकून चार-पाच घरं आहेत. दोन आम्हा ख्रिश्चनांची, बाकीची गाबित कोळ्यांची. अगदी टोकाचं घर माझ्या बहिणीचं, मारियानचं. आम्ही तिला बाय म्हणतो. मला तिनंच वाढवलं, त्यामुळे माझ्या पाठीत धपाटा घालण्याचा हक्क ती अजून राखून आहे.

तिचा नवरा सांतान. माझे भावोजी. असा माणूस आख्ख्या सिंधुदुर्गात झाला नाही... बरं, आख्ख्या तालुक्यात. पाण्याचा रंग बघून खाली तारली आहे की बांगडा ते सांगायचा. बोलायचा कमी आणि खायचा दोघांचं. रापणीच्या, म्हणजे जाळं ओढायच्या सकाळी काठावरच सोडणांचा, नारळाच्या सुक्या सालांचा, विस्तव करून बांगडे भाजायचा, आणि तेही त्याच्या पद्धतीनं. फक्त एका बाजूला दोन चिरा द्यायच्या, त्यात मीठ आणि कोकमाचं आगळ भरायचं, दुसरी बाजू कोरी ठेवायची. का, तर म्हणे एका बाजूनं मसाला खायचा आणि दुसऱ्या बाजूनं मासा. अर्धंच काम करतो म्हणून बाय त्याला आळशी म्हणायची आणि त्याच्या हातचे चार बांगडे संपवायची.

गेल्या ऑक्टोबरात खाडीच्या तोंडावर त्याची होडी उलटली. होडी सापडली, मग तोही सापडला. दोन्ही घरी आणली. त्याला चर्चमागे पुरला, होडी वाळूवर पालथी घातली.

त्या दिवसापासून बायनं मासा सोडला. म्हणाली, ज्या समुद्रानं माझा माणूस खाल्ला त्याचं मी काही खाणार नाही. आमच्याकडे एखाद्यानं मासा सोडणं म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांना कळायचं नाही. श्वास सोडल्यासारखंच ते. आधी मासा गेला, मग हळूहळू भात गेला, आणि उरली नुसती पेज. नाताळात गोडाचं दोदोल नाही, नेवऱ्या नाहीत. समुद्राकडचं दार तिनं लावून घेतलं. एवढी धिप्पाड बाई, पण मार्चपर्यंत अशी झाली की वारा सुटला की मी तिला आत जा म्हणायचो.

लोक सांत्वनाला यायचे आणि प्रत्येकजण बायबलातलं एक वचन घेऊन यायचा, जसं आजाऱ्याला भेटायला जाताना केळी नेतात तसं. त्यात मेंढपाळाचं स्तोत्र सर्वांत जास्त. हिरवी कुरणं, संथ पाणी, मेंढरं. बाय ऐकून घ्यायची, आणि माणूस फाटकाबाहेर गेला की मला म्हणायची, "पेद्रू, माका मेंढरां कित्याक रे? मी जन्मात मेंढरू बघूक नाय. आनी संथ पाणी म्हणशीत तर त्याच संथ पाण्यान घात केलो."

पण बायबल तिनं टाकलं नाही, हे तिचं खरं मोठेपण. रोज सकाळी चष्मा लावून पडवीत बसायची आणि वाचायची. भांडल्यासारखी वाचायची. पान उलटायची आणि नाक मुरडायची. मी विचारलं, पटत नाही तर वाचतेस कशाला. तर म्हणाली, इतक्या मोठ्या पुस्तकात आपल्या बाजूचं काहीतरी असणारच.

आणि ईस्टरनंतर तिला ते गावलं. मी चहाला गेलो तर बाय चक्क हसत होती. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. मला बसवून तिनं ती गोष्ट सांगितली — म्हणजे आहे शुभवर्तमानातलीच, मी लहानपणापासून चर्चमध्ये मिसाला शंभरदा ऐकली असेल, पण झोपेत. गुरू क्रूसावर गेला म्हणून त्याचे शिष्य गोंधळलेत, त्यांना काही सुचत नाही. मग ते काय करतात? होडी काढून मासे धरायला जातात. दुसरं करणार काय, बाय म्हणाली, दर्यावरच्या माणसाला दुसरं येतं काय? रात्रभर जाळं टाकून हाती काही नाही. पहाटे काठावर उभा असलेला कोणीतरी विचारतो, काही गावलं का? काठावरचा प्रत्येक माणूस नेमकं हेच विचारतो, म्हणून ती गोष्ट खरी, असं बायचं म्हणणं. पुढे तो सांगतो त्या बाजूला जाळं टाकतात आणि ते भरतं. तो आपला गेलेला गुरूच, हे ओळखल्यावर त्यातला पेत्र आधी अंगरखा चढवतो आणि मग पाण्यात उडी मारतो. "अगदी तुझ्यासारखो पिसो," बाय म्हणाली.

मग तिनं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. आणि बोटानं एक ओळ दाखवली. ते सगळे काठावर येतात, तर तिथे विस्तव पेटलेला, त्यावर मासा ठेवलेला, बाजूला भाकर. त्यांचं जाळं अजून पाण्यातच आहे, मासा आगीवर आधीच आहे. आणि तो म्हणतो, या, न्याहारी करा.

"बघ," बाय म्हणाली, "ते दुःखान कावलेले. त्यान तेंका समजावूक नाय, रागावूक नाय. मासो भाजलो. माका अशा कोणी बोलवल्यान तर मी पण खाईन."

मंडळी, हे शेवटचं वाक्य फक्त मी ऐकलं. आणि ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. ज्याने टुरिस्टांसाठी पोर्तुगीज बाई बसवली, तो सख्ख्या बहिणीसाठी एक विस्तव पेटवणार नाही? मी रविवार ठरवला. सोडणं गोळा करून माझ्या होमस्टेच्या मागे ताडपत्रीखाली ठेवली. बांगडे आदल्या दिवशी घेणार होतो. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

पण गुरुवारी पहाटेच बायनं मला बोलावलं. पिशवी भरून तयार होती. वसईला मुलीकडे जाते म्हणाली, कायमची. त्याआधी रापणकारांना सांगायचं होतं की सांतानचा वाटा बंद करा.

रापण म्हणजे काठावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते अर्धगोलात पाण्यात सोडते आणि दोन्ही टोकांचे दोर सगळी वाडी मिळून ओढते. मग मासळीचे वाटे पडतात. माणूस मेला तरी हंगाम संपेपर्यंत त्याचा वाटा त्याच्या घरी जातो, ही आमची रीत. आणि रापणकाराच्या घरानं आपणहून वाटा सोडणं म्हणजे... त्या घराचं दर्याशी नातं संपलं. सांतानचा वाटा रोज येत होता आणि बाय तो शेजारी देत होती. आता तेही नको होतं. मला कळून चुकलं की ही वसईला गेली तर फ्लॅटच्या खिडकीत बसून पेज पीत पीत संपणार. रविवार उजाडणारच नव्हता.

ऊन नुकतंच वाळूवर उतरलं होतं. आम्ही बनातून बाहेर आलो. दोन्ही दोरांवर माणसं ओढत होती. होती नव्हती ती सगळी वाडी दोराला होती. जाळं अजून बऱ्यापैकी आत. रापणीचे प्रमुख दत्तादा लांबून ओरडून सगळ्यांना एका लयीत घेत होते. बाय त्यांच्याकडे न बघता सांतानच्या पालथ्या होडीकडे वळली. निरोप घ्यायला, असं मला वाटलं.

होडीमागून धूर येत होता.

सोडणांचा विस्तव, छान फुललेला. त्यावर दोन बांगडे. बाजूला केळीच्या पानावर तांदळाची भाकरी, वाफ निघत असलेली. दवानं वाळूवर पातळ पापुद्रा धरला होता, त्यावर कुर्ल्या-खेकड्यांच्या रांगोळ्या होत्या, कावळ्यांची पावलं होती. माणसाचं पाऊल एकही नव्हतं. मी होडीला तीन फेऱ्या मारल्या, आणि मग जी पावलं होती ती सगळी माझी.

आता तुम्ही म्हणाल, पेद्रूनं पुन्हा मुंडकं उडवलं. थांबा. होडीवर कावळे ओळीनं बसले होते आणि खाली उतरत नव्हते. विस्तवापासून हातभर अंतरावर वाडीतला बोका बसला होता आणि भाजलेल्या बांगड्याकडे पाहत नव्हता. जो कोणी मालवणी माणूस हे वाचतोय त्याला यापुढे पुरावा लागणार नाही.

आणि बांगडे... जाळं पाण्यात, बाजार अजून उघडायचा होता, तरी ते ताजे होते. मी चिमट्यासारख्या दोन काटक्या धरून एक उलटा केला. एका बाजूला दोन चिरा. दुसरी बाजू कोरी.

मी घाबरलो, हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतो. मी ओरडायला तोंड उघडलं — कोण आहे रे, असं. बायनं माझा हात धरला.

"इचारू नको, पेद्रू. तेंनी पण इचारूक नाय."

तेव्हा मला समजलं नाही. नंतर घरी जाऊन ती ओळ वाचली. तू कोण, असं विचारायची त्या शिष्यांपैकी कोणाची छाती झाली नाही, असं तिथे लिहिलंय. कारण त्यांना ठाऊक होतं.

बाय वाळूत बसली. तिनं छातीवर खुरसाची, क्रूसाची खूण केली. भाकरी मोडली, अर्धी मला दिली. मग बांगडा घेतला आणि खाल्ला. घाई नाही, रडणं नाही. कोरी बाजू आधी खाल्ली, मग चिरांची. काटा असा स्वच्छ केला की बोक्याला काही उरलं नाही. मी समोर बसून नुसता बघत होतो. ज्या समुद्रानं तिचा माणूस नेला त्याच्याकडे तोंड करून ती बाई जेवत होती. मी पुष्कळ वादळं पाहिली आहेत, त्यातली काही मी नंतर वाढवली आहेत, पण एवढं धाडस मी पाण्यावर कधी पाहिलं नाही.

तेवढ्यात जाळं काठाला लागलं. इथे तुमची अपेक्षा असणार की जाळं फाटेपर्यंत भरलं. नाही. दोन टोपल्या काटी मासळी आणि ढीगभर जेलीफिश. दत्तादा हात पुसत आले. बायला तिथे बघून गडबडले, म्हणाले, वैनी, आज काही खास नाही. मला वाटलं, आता ती वाटा बंद करायला सांगणार.

"आसा ता दी," बाय म्हणाली. "आनी उद्यापासून दोराक मी येतंय. बसान खावचा नाय माका."

दत्तादांनी टॉवेलनं तोंड पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले.

तपास मी केला, अर्थातच केला. बायनं तिच्यापुरतं विचारलं नाही, मला कोणी अडवलं नव्हतं. दोरावर कोण कोण होतं ते एकेकाला गाठून विचारलं. सगळेच होते, आणि एकमेकांचे साक्षीदार होते. दत्तादांच्या मंडळींना विचारलं, त्या म्हणाल्या, रापणकारांच्या भाकऱ्या मीच भाजते पण त्या सकाळी चूलच पेटली नव्हती. ताडपत्रीखालची माझी सोडणं जशीच्या तशी होती. शेवटी फादरकडे गेलो. त्या वेळी ते मिसा करत होते, तेव्हा तेही सुटले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पेद्रू, तू केलंस ते फार चांगलं केलंस.

हे माझं दुःख आहे बघा. आख्खी वाडी आजही धरून चालते की तो विस्तव मी पेटवला. आयुष्यात एकदाच मी काही केलं नाही, आणि नेमकं तेच कोणी मानत नाही. लोक येऊन पाठ थोपटतात. मी नाही म्हणतो तेव्हा आणखी जोरात थोपटतात.

बाय वसईला गेली नाही. रापण असेल त्या सकाळी ती दोर ओढते, आणि दोर सोडला की त्याच होडीच्या आडोशाला विस्तव करते. ज्याला भूक त्यानं बसावं. गाबित बसतात, आम्ही बसतो, मागच्या महिन्यात कोल्हापूरचे टुरिस्ट बसले होते. तिनं त्यांना नावसुद्धा विचारलं नाही. तब्येत अशी भरली आहे की आता वारा सुटला की ती मला आत जा म्हणते.

 या प्रकाराला दहा स्पष्टीकरणं मी स्वतः रचू शकतो, तो माझा धंदाच आहे, आणि त्यातलं एकही मला पटत नाही. परवा राहवलं नाही म्हणून शेवटचं विचारलं. बाय, खरं सांग, तुला काय वाटतं, त्या दिवशी कोण होतं?

ती निखारे फुंकत होती. वर न बघता म्हणाली, "भूक लागली हा काय तुका?"

लागली होती.

"मगे बस."