जनूभाऊचा लांबचा चष्मा

जनूभाऊचा चष्मा अजून कोरा आहे. जनूभाऊ जाऊन आज वर्ष झालं.

मी पहिला ट्रक घेतला तेव्हापासून स्टिअरिंगवर तोच. अर्नाळ्याचा. घरचे सगळे होडीवर, हा एकटाच डिझेलच्या वासाला भुलला.

लायसन्स रिन्यू करताना डॉक्टरांनी फॉर्मवर स्पष्ट लिहिलं, लांबचा चष्मा लावूनच गाडी चालवायची.

चष्मा आला त्या दिवशी तो लावूनच विरार फाट्याच्या यार्डात शिरला.

मी चहा पीत होतो. म्हटलं, "या मास्तर. आज कुठला धडा?"

सगळं यार्ड हसलं. तोही हसला.

"मास्तर कोन, शेठ? लायसनपुरता हाय तो."

चष्मा डबीत. डबी डॅशबोर्डच्या खणात.

नंतर तो त्याच्या नाकावर मी कधी पाहिला नाही. विचारलंही नाही.

माझे कान तिखट आहेत, तुम्हाला माहीतच आहे. गाडी गेटातून वळली की न बघता सांगतो, कोण चालवतंय ते.

जनूभाऊचा ब्रेक उशिरा लागायला लागला होता. आधी लांबूनच हळू घ्यायचा. आता एकदम शेवटी. चर्र.

गाडी मेकॅनिककडे पाठवली.

"शेठ, ब्रेक ओके आहेत."

"नीट बघ. मी ऐकलंय."

तरी ब्रेकचे लायनर बदलायला लावले. निवांत झालो.

आवाज मी बरोबर ऐकला होता. पण दोष ब्रेकचा नव्हता.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी तो टाइल्स भरून येत होता. मनोरच्या अलीकडे, दिवेलागणीला, एक कंटेनर लेनमध्येच बंद पडला होता. टेललाइट नाही.

बाजूच्या लेनमधला टेम्पोवाला मला म्हणाला, "मला लांबूनच दिसला हो. वाटलं, हेही वळतील आता."

वळला नाही. ब्रेक मात्र दाबला होता. रस्त्यावर खूण होती. आखूड.

केबिनमधलं सामान पोलिसांनी माझ्या हातात दिलं. त्यात ती डबी. काचेवर बोटाचा ठसासुद्धा नाही.

डबी घेऊन अर्नाळ्याला गेलो. वहिनींनी उघडून पाहिली, मिटली.

"तुमी एकदा बोलला असता तर लावला असता त्यांनी. तुमचंच ऐकायचे ते."

माझंच ऐकलं होतं त्याने.

लाइनमधले मित्र हे वाचत असतील. उद्या तुमचा एखादा ड्रायव्हर चष्मा लावून आला तर जोक मारू नका. चहा द्या, चावी द्या. आणि काढलाच त्याने, तर चावी परत घ्या.

जनूभाऊ, हात जोडतो.
मास्तर म्हणालो, चुकलो.