सुटता दोर

गल्लीतल्या वर्कशॉपातून लोखंड कातायच्या लेथवरच्या तेलपाण्याचा आंबूस वास आला की माझे तळहात अजून गार पडतात. ऐंशीच्या दशकात बोईसरच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. शिकाऊ पोरांना काम शिकवायचं म्हणून त्यांच्या पगारातला अर्धा वाटा सरकार मालकाला देई, आणि आम्ही त्यांच्याकडून नुसती पिंपं उचलून घ्यायचो. ‘लेथवर सहा महिने शिकला’ असं वहीत मीच लिहून सही ठोकली होती. एका दुपारी तपासणीचे साहेब न कळवता आले. वही चाळून त्यांनी सातपाटीच्या एका कोळ्याच्या पोराला लेथ चालवायला सांगितलं. पोराने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. लोखंडाचा तुकडा लावलेलाच होता, आणि बटण कुठलं, दांडा कुठला हे त्याने येता-जाता पाहिलं होतं. मशीन घरघरलं, लोखंड सोलून निघालेली पात्यासारखी धारदार निळसर तार वळवळत बाहेर येऊ लागली. लहानपणापासून होडीवर दोर ओढलेल्या त्या पोराचा हात, सुटता दोर धरावा तसा, तिच्याकडे गेला. ओरडलो तर वही खोटी ठरणार होती. मग मी झेपावून मशीन बंद केलं आणि ओरडलो, "याला काही शिकवलेलं नाही, साहेब!" पोर म्हणाला, "दोर सुटतोय वाटलं. मला म्हायती नाय." त्याच्या तळहातावर नुसता ओरखडा होता. माझी नोकरी गेली, आणि तू पोराचा हात वाचवलास असं लोक अजून म्हणतात. तो हात पुढे जाताना मी आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.