हनुवटी खाली

नातीला भरवायला बसले की अजून मी आधी तिची हनुवटी बघते. ती सहा वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या मानेत आणि जिभेत ताकद कमी, घास गिळायला वेळ लागतो.

तिला सांभाळायला मी अमेरिकेत ईडन प्रेरीला मुलीकडे आले, त्याच आठवड्यात ते झालं. मऊ वरणभात कालवला आणि माझ्या मुलांना भरवायचे तसाच भरवायला लागले. खिडकीबाहेर उंच फांदीवर पाखरू होतं. मी बोट वर केलं, "ती बघ चिऊ!" तिनं मान वर करून तोंड उघडलं. मी घास घातला. तिला ठसका लागला, मग आवाजच येईना. ओठ काळेनिळे पडले. मी ओरडले. मुलगी जिन्यावरून धावत आली, नातीला पुढे वाकवून पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा भात बाहेर पडला.

"आई, मान वर झाली की घास श्वासाच्या नळीत जातो. सांगितलं होतं ना तुला?"

"तुम्हाला सगळ्यांना असंच भरवलं गं."

"आम्हाला गिळता येत होतं, आई."

मग तिनं पुन्हा दाखवलं. पाठ सरळ, पाय टेकलेले, टीव्ही बंद. चमचा लहान आणि खालून आणायचा. हनुवटी खाली. गळा हललेला दिसला की मगच पुढचा घास. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

"माझी लीव्ह संपली. मंडेपासून ऑफिसला जावंच लागेल. जमेल ना?"

नाही म्हणायचं होतं. पण होकारार्थी मान डोलावली.

सोमवारी पडदा ओढून घेतला. तिच्या खुर्चीपुढे बुटक्या स्टुलावर बसले, म्हणजे माझ्याकडे बघायला तिला खालीच बघावं लागेल. कागदावर चिमणी काढून मांडीवर ठेवली. चिमणी बदकासारखी झाली होती. नात खाली बघून हसायला लागली. तोंडात घास नव्हता, तरी हसणं थांबेपर्यंत चमचा वाटीतच धरून ठेवला.

निम्मी वाटी संपली. वाटलं, पुरे, आता नको. उपाशी राहिली तरी घुसमटणार तर नाही. मुलीला सांगेन, तिला नको होतं.

"मोअर, आजी," ती म्हणाली.

मी तिची हनुवटी बघितली. खाली होती. थोडासाच भात घेतला आणि चमचा खालून वर नेला. ओठ मिटले. मी तिच्या गळ्याकडे बघत बसले.

हलला.

वाटीत अजून पाच-सहा घास होते.